पोकर स्पर्धेचे अंतिम टेबल आणि त्याचा प्रेक्षक : एक विवेचन

प्रस्तावना :
पत्त्यांचा खेळ हा मुळात खेळणाऱ्यांचा खेळ होय, पाहणाऱ्यांचा नव्हे. कुस्ती किंवा क्रिकेटमध्ये निर्णायक घटना सर्वांच्या डोळ्यांसमोर घडते. पत्त्यांच्या डावात ती खेळाडूच्या हातात झाकलेली असते. असे असूनही अमेरिकेतील लास वेगास येथे दरवर्षी होणाऱ्या 'वर्ल्ड सिरीज ऑफ पोकर' या स्पर्धेच्या मुख्य प्रकारातील अंतिम टेबल, म्हणजेच शेवटच्या नऊ खेळाडूंची फेरी, जगभरातील चाहते तासन्‌तास पाहतात. हा प्रेक्षक कसा निर्माण झाला, त्याला नेमके काय दिसते आणि त्या दिसण्यातून त्याचा कोणता समज तयार होतो, या तीन प्रश्नांचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

खेळाचे स्वरूप :
मुख्य स्पर्धा 'टेक्सास होल्डेम' या प्रकाराने खेळली जाते. प्रत्येक खेळाडूस दोन पत्ते झाकून मिळतात व पाच पत्ते सर्वांसाठी टेबलावर टप्प्याटप्प्याने उघडले जातात. या सातांतून पाच पत्त्यांचा सर्वोत्तम संच करावयाचा असतो. प्रवेशशुल्क १९७२ पासून १०,००० डॉलर आहे. स्पर्धेतील चिप्स म्हणजे रोख रक्कम नव्हे. त्या संपल्या की खेळाडू बाद होतो. प्रत्येक डावात सक्तीने लावावयाची रक्कम ठरावीक वेळाने वाढत जाते. त्यामुळे केवळ चांगल्या पत्त्यांची वाट पाहत बसणे कोणालाच परवडत नाही. अंतिम टेबलावर एकेक खेळाडू बाद होताना उरलेल्यांचे बक्षीस वाढते, व हीच चढती भाजणी प्रेक्षकांच्या उत्कंठेचा आधार असते.

प्रेक्षकाची जडणघडण :
ही स्पर्धा १९७० मध्ये बिनियन्स हॉर्सशू या कॅसिनोत सुरू झाली. पहिल्या वर्षी जॉनी मॉस यांची विजेता म्हणून निवड सहखेळाडूंच्या मतदानाने झाली. बाद पद्धत १९७१ पासून आली. त्या काळी पाहणारे म्हणजे कठड्यापलीकडे उभे असलेले मित्र व जाणकार. त्यांना खेळाडूंचे चेहरे दिसत, पत्ते दिसत नसत. पाठीराख्यांच्या या गटाला इंग्रजीत आजही 'रेल', म्हणजे कठडा, असेच म्हणतात.

खरा बदल घडवला तो झाकलेले पत्ते दाखविणाऱ्या कॅमेऱ्याने. ब्रिटनमधील चॅनेल फोर या वाहिनीने १९९९ मध्ये 'लेट नाइट पोकर' या कार्यक्रमात टेबलात काच बसवून खालून पत्ते दाखवले. अमेरिकेत हेन्री ओरेनस्टाइन या खेळणी-संशोधकाने अशाच कल्पनेचे पेटंट घेतले होते. या तंत्रामुळे प्रेक्षकाचे स्थानच पालटले. टेबलावरील प्रत्येक खेळाडूपेक्षा त्याला अधिक कळू लागले.

२००३ ची अंतिम लढत हे याचे ठळक उदाहरण होय. टेनेसी राज्यातील हौशी खेळाडू व पेशाने लेखापाल असलेला ख्रिस मनीमेकर हा इंटरनेटवरील अल्प शुल्काच्या पात्रता फेरीतून आला होता. समोर अनुभवी व्यावसायिक सॅमी फार्हा होता. एका डावात फार्हाजवळ नव्व्यांची जोडी होती. मनीमेकरला इस्पिकचे पाच पत्ते किंवा ओळीने पाच पत्ते जुळण्याची आशा होती. परंतु शेवटचा पत्ता उघडला तेव्हा त्याच्या हाती राजापलीकडे काहीही नव्हते. तरीही त्याने सर्व चिप्स पणाला लावल्या. बराच विचार करून फार्हाने पत्ते टाकून दिले. सभागृहातील लोकांना हा एक साधा डाव वाटला असेल; दूरचित्रवाणीवरील प्रेक्षकाला मात्र दोन्ही हात दिसत होते. नाटकात पात्राला ठाऊक नसलेले रहस्य प्रेक्षकाला ठाऊक असावे, तशीच ही स्थिती होती.

त्या वर्षी ८३९ स्पर्धक होते. विजेत्यास २५ लाख डॉलर मिळाले. २००४ मध्ये स्पर्धकसंख्या २,५७६, २००५ मध्ये ५,६१९ व २००६ मध्ये ८,७७३ झाली. प्रेक्षकाचे स्पर्धकात रूपांतर होण्याचा इतका वेग अन्य खेळांत क्वचितच आढळेल, कारण येथे प्रवेशास पात्रतेची अट नाही. शुल्क भरले की झाले. २००८ ते २०१६ या काळात अंतिम टेबल तीन-चार महिने लांबणीवर टाकण्यात येई. त्या अवधीत नऊ जणांची ओळख चाहत्यांना होई व प्रत्येकाचे पाठीराखे नाट्यगृहात जमत. २०१७ पासून हा खंड बंद झाला.

दिसणे आणि समजणे :
पडद्यावर प्रत्येक हातासमोर जिंकण्याची टक्केवारी झळकते. एक्क्यांची जोडी राजांच्या जोडीविरुद्ध सुरुवातीस सुमारे ८२ टक्के वेळा जिंकते. प्रेक्षक '८२' हा आकडा 'जवळजवळ निश्चित' असा वाचतो व उलट निकाल लागला की त्यास चमत्कार मानतो. वस्तुतः साधारण साडेपाच डावांत एकदा असे घडणारच. एखाद्या खेळाडूने दर वेळी ८० टक्के अनुकूलता असताना पाच वेळा सर्वस्व पणाला लावले, तरी पाचही वेळा तरून जाण्याची शक्यता सुमारे ३३ टक्केच राहते. सर्व निर्णय अचूक घेऊनही बाद होणे हा या खेळाचा नित्याचा भाग आहे.

बॅरन व हर्शी या मानसशास्त्रज्ञांनी १९८८ मध्ये दाखवून दिले, की माणसे निर्णयाचे मूल्यमापन त्याच्या परिणामावरून करतात; निर्णयाच्या वेळी उपलब्ध असलेली माहिती सारखीच असली तरीही. वरील डावात फार्हाने पत्ते ठेवले असते, तर मनीमेकरच्या धाडसास अविचार म्हटले गेले असते. संपादित कार्यक्रमात तर मोजकेच रोमहर्षक डाव दाखवले जातात. शांतपणे पत्ते टाकून दिलेले असंख्य डाव गळून पडतात.

याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे न दिसणारे स्पर्धक. २०२३ मध्ये १०,०४३ जणांनी भाग घेतला; विजेता डॅनियल वाइनमन यास १ कोटी २१ लाख डॉलर मिळाले. बक्षीस मात्र सुमारे १५ टक्के स्पर्धकांनाच मिळाले. उरलेल्या सुमारे साडेआठ हजार जणांचे शुल्क बुडाले, आणि विजेत्यांची रक्कम त्यातूनच उभी राहिली. अंतिम टेबल पाहणाऱ्यास नऊ चेहरे दिसतात. हे साडेआठ हजार दिसत नाहीत.

पाठीराखे की सहभागी?
चाहत्याची भूमिका नेहमीच तटस्थ नसते. अनेक खेळाडू शुल्काचा भार हलका करण्यासाठी आपल्या संभाव्य बक्षिसातील हिस्से मित्रांना विकतात. त्यामुळे कठड्यापलीकडचा जल्लोष काही वेळा भागीदाराचा असतो. शिवाय प्रक्षेपण काही मिनिटे उशिराने होत असले, तरी झालेल्या डावांतील झाकलेले पत्ते पाहून पाठीराखे ती माहिती खेळाडूस देऊ शकतात. २०२४ च्या अंतिम लढतीत विजेता जोनाथन तामायो याचे सहकारी लॅपटॉप घेऊन बसले होते व डावांच्या मधल्या वेळात तो त्यांच्याशी सल्लामसलत करताना दिसला. विजेतेपद अबाधित राहिले. परंतु एकट्याच्या बुद्धीची म्हणविली जाणारी ही कसोटी खरोखर एकट्याची आहे काय, असा प्रश्न चाहत्यांतूनच उपस्थित झाला.

भारतीय संदर्भ :
आपल्याकडे दिवाळीतील तीन पत्ती परिचित असली, तरी प्रेक्षकांपुढे होणारा पोकर प्रामुख्याने गोव्यातील कॅसिनोंमध्ये दिसतो. सर्वोच्च न्यायालयाने १९६७ मध्ये रमी हा प्रामुख्याने कौशल्याचा खेळ ठरवला. पोकरच्या बाबतीत कौशल्य की नशीब हा वाद चालत राहिला. संसदेने २०२५ मध्ये केलेल्या ऑनलाइन गेमिंगविषयक कायद्याने पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाइन खेळांबाबत कौशल्य व नशीब हा भेद बाजूला ठेवून त्यांवर बंदी घातली.

समारोप :
अंतिम टेबलाचा प्रेक्षक एकाच वेळी सर्वज्ञही असतो व अनभिज्ञही. त्याला सर्वांचे पत्ते दिसतात, पण बाद झालेले दिसत नाहीत. टक्केवारी दिसते, पण तिचा अर्थ दीर्घ पल्ल्यातच लागतो, हे दिसत नाही. संभाव्यता, निर्णयप्रक्रिया व माध्यमांचा प्रभाव हे विषय शिकविणाऱ्या अध्यापकांस या खेळात एक जिवंत उदाहरण सापडू शकते. मात्र ते मांडताना नऊ जणांच्या कथेबरोबर उरलेल्या हजारोंचा हिशेबही फळ्यावर लिहिला गेला पाहिजे.