काशीचें लढाऊ विमान

आमच्या पेण-रोह्याकडील घरांतून काशीयात्रा करून आलेलीं माणसें गंगाजळाचा गडू, अन्नपूर्णेची मूर्ति आणि घाटांच्या गोष्टी घेऊन येतात. हिंदु विश्वविद्यालय पाहून येणारेहि पुष्कळ. परंतु त्याच विश्वविद्यालयाच्या आवारांत पन्नासांहून अधिक वर्षें एक इंग्रजी लढाऊ विमान पडून होतें, व पुढें तें पुनः आकाशांत उडालें, ही हकीकत आमच्याकडे फारशी कोणास ठाऊक नाहीं. ज्यांचीं मुलें यंत्रविद्येकडे वळलीं आहेत त्या वडील माणसांस ती रुचेल, म्हणून येथें देत आहों.

विमानाची जात हरिकेन, म्हणजे तुफान; क्रमांक आर ४११८. सिडनी कॅम यांनीं आंखलेल्या ह्या जातीचें पहिलें विमान ६ नोव्हेंबर १९३५ रोजीं उडालें आणि पुढें अशीं चौदा हजारांहून अधिक विमानें बांधलीं गेलीं. १९४० सालीं जर्मन विमानांनीं इंग्लंडवर धाड घातली, तेव्हां लोकांच्या तोंडीं नांव झालें स्पिटफायरचें. पण शत्रूचीं अधिक विमानें पाडलीं तीं हरिकेननें. कीर्ति एकाची आणि कष्ट दुसऱ्याचे, हा प्रकार एकत्र कुटुंबांत राहणाऱ्यांस नवा नाहीं. आर ४११८ हें त्या वर्षीं ऑगस्टांत ६०५ क्रमांकाच्या स्क्वाड्रनकडे आलें. तें ४९ वेळां लढाईस गेलें, व पांच शत्रुविमानें पाडण्यांत त्याचा पूर्ण किंवा वांटणीचा हात होता. नंतर शिकाऊ वैमानिकांनीं तें वापरलें, आणि १९४३ च्या डिसेंबरांत तें जहाजानें हिंदुस्थानास रवाना झालें. ब्रह्मदेशाच्या आघाडीवर आपले वैमानिकहि हरिकेनमधूनच लढत होते. १९४४ सालीं इंफाळच्या रणांत अर्जनसिंग यांच्या पहिल्या स्क्वाड्रनकडे हींच विमानें होतीं. युद्ध संपलें, आणि १९४७ सालीं आर ४११८ काशीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयास विद्यार्थ्यांच्या शिक्षणासाठीं देण्यांत आलें.

ह्या विद्यादानानेंच तें वांचलें असें आम्हांस वाटतें. त्याच्या बरोबरीचीं बहुतेक विमानें मोडून वितळविलीं गेलीं. हें मात्र शाळेंतल्या जुन्या पृथ्वीच्या गोलासारखें कोपऱ्यांत राहिलें. १९८२ सालीं पीटर व्हॅशर नांवाचे इंग्रज गृहस्थ जुन्या रोल्स-रॉइस मोटारींच्या शोधांत आपल्या देशांत फिरत असतां तें त्यांच्या दृष्टीस पडलें. रान वाढलेलें, चाकें मातींत, पण अवयव बहुतेक जागच्या जागीं. तें मिळविण्यास किती खटपट पडली असेल, हें ज्यांनीं सरकारी कचेरींत एकदां तरी अर्ज केला आहे त्यांस सांगावयास नको. २००१ सालीं विमान इंग्लंडास परत गेलें.

खरें काम तेथून पुढें सुरू झालें. हरिकेनचा सांगाडा पोलादी नळ्यांचा. ह्या नळ्या वेल्डिंगनें जोडीत नाहींत. त्यांचीं टोकें चौकोनी करून, पट्ट्या लावून, बोल्टांनीं आवळतात. त्यावर लांकडी पट्ट्या, आणि मागील भागावर लिननचें कापड शिवून त्याला डोप नांवाचें रोगण देतात. वाळतांच कापड मृदंगाच्या पुडीसारखें ताणून बसतें. नळी बाहेरून निर्मळ दिसली तरी आंतून गंजलेली असूं शकते, म्हणून प्रत्येक सांधा उलगडावा लागतो. इंजिन मर्लिन, बारा सिलिंडरांचें, सत्तावीस लिटरांचें, हजारांहून अधिक अश्वशक्तीचें. तेंहि सुट्या सुट्या भागांपर्यंत खोलावें लागतें. पण सर्वांत कठीण भाग म्हणजे पंखांचा भार वाहणाऱ्या तुळया. त्या कणखर पोलादी पत्रा बहुकोनी वळवून केलेल्या असतात, आणि तो पत्रा वळविणारे रूळ कारखान्यांतून केव्हांच नाहींसे झाले होते. हें काम अंगावर घेणाऱ्या सफोक परगण्यांतील हॉकर रिस्टोरेशन्स ह्या कारखान्यास हरिकेनच्या तुळयांसाठीं आधीं तीं साधनें नव्यानें घडवावीं लागलीं होतीं. पेण येथील गणपतीच्या कोणत्याहि कारखानदारास विचारावें: मूर्ति भंगली तर साच्यांतून दुसरी निघते, साचाच हरवला तर आधीं साचा करणारा हात शोधावा लागतो.

२३ डिसेंबर २००४ रोजीं आर ४११८ पुनः उडालें. १९४० सालीं त्यांतून लढलेले बॉब फॉस्टर हें पाहण्यास हयात होते, आणि आपल्या जुन्या विमानांत ते पुनः बसलेहि.

येथें आमच्या पंडित मित्रांस शंका येईल. इतके अवयव बदलल्यावर अवयवी तोच राहिला काय? नैयायिकांनीं ह्या प्रश्नावर पुष्कळ शाई खर्चिली आहे. कारखानदारांचें उत्तर सोपें आहे: क्रमांकाची नोंद अखंड असावी, आणि जुनें शक्य तितकें राखावें. ह्या विमानांत मूळचा भाग पुष्कळच असल्यानें त्याची प्रतिष्ठा विशेष. आम्हांस हें उत्तर पुरतें पटत नाहीं, पण दुसरें सुचतहि नाहीं.

दुसरी शंका अधिक गंभीर आहे. अशीं विमानें उडवावींच कशाला? १२ नोव्हेंबर २०२२ रोजीं अमेरिकेंत डॅलस येथें प्रदर्शनाच्या वेळीं महायुद्धांतील एक बाँबफेके व एक लढाऊ विमान यांची टक्कर होऊन सहा माणसें दगावलीं. जातीचें एकच विमान उरलें असेल तर तें छपराखालींच ठेवावें असें आमचें मत. अनेक उरलीं असतील तर एखादें उडतें असणें बरें. कारण उडवावयाचें ठरलें कीं हातांतली विद्या जिवंत ठेवावीच लागते, आणि संग्रहालयांत उभ्या विमानाचा गंज कोणी नळी उघडून पाहात नाहीं.

आणि ही विद्या आपल्याकडे नव्हती असें नाहीं. युद्धानंतर कानपुरास अमेरिकन बनावटीचीं लिबरेटर बाँबविमानें टाकून दिलेलीं होतीं, तींहि पुनः कोणाच्या उपयोगीं पडूं नयेत म्हणून मुद्दाम मोडतोड करून. १९४८ सालीं बंगलोरच्या हिंदुस्थान एअरक्राफ्ट कारखान्याच्या माणसांनीं तीं जुळवावयास घेतलीं; जमशेद मुनशी ह्या वैमानिकानें तीं एकामागून एक बंगलोरास उडवीत नेलीं. अशीं चाळीसांवर विमानें सिद्ध झालीं आणि १९६८ पर्यंत आपल्या हवाई दलानें तीं वापरलीं. परदेशच्या तज्ज्ञांनीं अशक्य म्हणावें असें हें काम आपल्या फिटरांनीं पार पाडलें.

पुढें हात बदलले, माणसें निवृत्त झालीं. आपल्या हवाई दलास जुनें टायगर मॉथ उडतें हवें झालें तेव्हां तें इंग्लंडांत दुरुस्त झालें. १९४७ च्या ऑक्टोबरांत श्रीनगरास फौज उतरविणाऱ्या डकोटा जातीचें एक विमान त्या वेळचे खासदार राजीव चंद्रशेखर यांनीं भंगारांतून घेऊन दुरुस्त करविलें, तेंहि इंग्लंडांतच. एप्रिल २०१८ मध्यें तें तिकडून उडत जामनगरास आलें व ४ मे रोजीं हिंडन तळावर हवाई दलांत दाखल झालें. त्याचें नांव परशुराम ठेविलें आहे. आम्हां कोंकणच्या माणसांस तें ऐकून संतोष झाला. दिल्लीस जाणाऱ्यांनीं पालम येथील हवाई दलाच्या संग्रहालयांतलें हरिकेनहि पाहावें. तें काशीच्या विमानाचें भावंड. फक्त उडत नाहीं.