ट्रंक कॉल, लाइटनिंग कॉल आणि नेट न्यूट्रॅलिटी



गेल्या महिन्यात शब्बाथची प्रार्थना झाल्यावर आम्ही काही जणी सिनेगॉगच्या हॉलमध्ये गप्पा मारत बसलो होतो. तेव्हा शेजारच्या मावशींनी मला विचारलं, "अगं, माझी नात अमेरिकेत असते ना, ती म्हणते तिकडे नेट न्यूट्रॅलिटीचा नियम कोर्टाने रद्द केला. मग आता ठाण्याला माझ्या बहिणीशी व्हिडिओवर बोलणं बंद होणार का? की जास्त पैसे पडणार?"

मी म्हटलं, "मावशी, उद्यापासून काही बंद होत नाही. पण तुमचा प्रश्न अगदी बरोबर आहे. नीट लिहूनच सांगते."

म्हणून हा लेख. मी काही इंजिनिअर नाही. पण अलिया करण्याआधी मी मुंबईत ट्रंक ऑपरेटर होते. त्यामुळे हा वाद मला ट्रंक कॉलवरून पटकन समजला. तुम्हालाही तसाच समजेल, कारण आपल्या पिढीने ट्रंक कॉलसाठी तासन् तास वाट पाहिलेली आहे.

ट्रंक कॉलचे दिवस

आठवतंय ना? परगावी बोलायचं तर आधी कॉल बुक करायचा. ऑर्डिनरी, अर्जंट आणि लाइटनिंग असे प्रकार असत. अर्जंटला ऑर्डिनरीपेक्षा जास्त पैसे, आणि लाइटनिंगला तर कितीतरी पट. दोन शहरांमधल्या लाइनी मोजक्याच. लाइटनिंगची चिठ्ठी आली की ती सगळ्यांच्या वर ठेवायची, ऑर्डिनरीवाले खाली सरकायचे.

एका रात्रीची गोष्ट मी अजून विसरलेले नाही. एका तरुणाने अहमदाबादचा ऑर्डिनरी कॉल बुक केला होता. सकाळी तो बोटीने परदेशी निघणार होता, त्याआधी वडिलांशी एकदा बोलायचं होतं. दर थोड्या वेळाने विचारायचा, "ताई, अहमदाबाद लागलं का?" त्या रात्री व्यापाऱ्यांचे लाइटनिंग कॉल एकामागून एक येत राहिले. भाव, माल, हुंड्या. मी नियमाप्रमाणे त्याची चिठ्ठी खाली सरकवत राहिले. उजाडल्यावर लाइन मोकळी झाली. पलीकडून म्हाताऱ्या माणसाचा आवाज आला, "हॅलो, हॅलो." पण मुंबईच्या नंबरावर घंटी वाजतच राहिली. पोरगा बंदरावर निघून गेला होता. मी पलीकडे सांगितलं, "मुंबईहून उत्तर नाही." दुसरं काय सांगणार?

व्यापाऱ्यांनी काही गैर केलं नव्हतं. मीही नियम मोडला नव्हता. पण त्या रात्री एक गोष्ट कळली. लाइनी मोजक्या असल्या की पैसे भरून पुढे जाणारा माणूस दुसऱ्या कोणाचा तरी वेळ घेतो.

आणखी एक गोष्ट सांगते. आमच्याकडच्या जुन्या एक्स्चेंजांना 'स्ट्रोजर' म्हणत. हा आल्मन स्ट्रोजर अमेरिकेतल्या कॅन्सस सिटीचा. प्रेतयात्रेची व्यवस्था करण्याचा त्याचा धंदा होता. त्याच्या प्रतिस्पर्ध्याची बायको टेलिफोन ऑपरेटर होती आणि स्ट्रोजरसाठी आलेले कॉल ती आपल्या नवऱ्याकडे वळवायची, असं सांगतात. चिडून त्याने ऑपरेटरशिवाय चालणारं एक्स्चेंज शोधून काढलं आणि १८९१ मध्ये पेटंट घेतलं. म्हणजे मधल्या माणसाने कोणाचा कॉल लावायचा आणि कोणाचा नाही हे ठरवलं तर काय होतं, ही तक्रार शंभर वर्षांहून जुनी आहे.

मग नेट न्यूट्रॅलिटी म्हणजे काय?

इंटरनेटवर आपल्या घरापर्यंत लाइन देणारी कंपनी ही आजची ऑपरेटर. न्यूट्रॅलिटी म्हणजे तटस्थपणा. या कंपनीने लाइनीवरून जाणाऱ्या सगळ्या मालाला एकसारखं वागवावं, एवढीच मागणी आहे. त्यात मुख्य तीन गोष्टी येतात:

१. कायदेशीर असलेली कोणतीही वेबसाईट किंवा ॲप अडवायचं नाही.
२. एखादी सेवा मुद्दाम हळू करायची नाही.
३. कोणाकडून पैसे घेऊन त्याचा माल पुढे आणि बाकीच्यांचा मागे ठेवायचा नाही.

हा शब्द टिम वू नावाच्या कायद्याच्या अमेरिकन प्राध्यापकाने २००३ मध्ये एका लेखात वापरला आणि तो रूढ झाला.

इथे एक गैरसमज काढून टाकते. तुम्ही जास्त पैसे देऊन जास्त वेगाची लाइन घेतलीत, तर त्यात तटस्थपणा मोडत नाही. मोठा नळ घेतला, जास्त पाणी आलं, एवढंच. पण नळवाला म्हणायला लागला की "आमच्या दुकानातल्या तांदळाला पाणी जोरात येईल, दुसऱ्या दुकानातल्या तांदळाला थेंब थेंब," तर ते चुकीचं.

अमेरिकेत काय झालं?

२००७ मध्ये कॉमकास्ट ही मोठी केबल कंपनी बिटटॉरेंट या फाईल वाटण्याच्या पद्धतीत गुपचूप अडथळा आणते, असं उघडकीला आलं. असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेने स्वतः तपासून पाहिलं. तपासायला त्यांनी कोणती फाईल घेतली माहीत आहे? बायबलची जुनी इंग्रजी प्रत. म्हणजे सिनेमाची चोरी नव्हे, बायबलसुद्धा अडकलं.

पुढे तिथे नियम होत गेले आणि मोडत गेले. २०१५ मध्ये तिथल्या दूरसंचार आयोगाने कडक नियम केले. २०१७ च्या डिसेंबरमध्ये नव्या अध्यक्षांच्या काळात त्याच आयोगाने ते काढून टाकले. २०२४ मध्ये परत आणले. आणि २ जानेवारी २०२५ रोजी अपील कोर्टाने सांगितलं की असे नियम करण्याचा अधिकारच आयोगाला नाही. मावशींची नात म्हणत होती तो हाच निकाल. मात्र कॅलिफोर्नियासारख्या काही राज्यांचे स्वतःचे कायदे आहेत. कॅलिफोर्नियाचा २०१८ चा आहे.

भारतात काय झालं?

हे आपल्याला जास्त जवळचं. २०१४ च्या डिसेंबरमध्ये एअरटेलने जाहीर केलं की इंटरनेटवरून बोलण्यासाठी, म्हणजे स्काइप, व्हायबर वगैरेंसाठी, वेगळे पैसे घेणार. लोकांनी एवढा आरडाओरडा केला की थोड्याच दिवसांत कंपनीने माघार घेतली. ते चालू राहिलं असतं, तर ठाण्याहून लोदला लागणाऱ्या कॉलवर वेगळं बिल आलं असतं.

२०१५ मध्ये ट्राय या सरकारी नियामक संस्थेने लोकांची मतं मागवली, तेव्हा दहा लाखांहून जास्त ई-मेल गेले. मग आलं फेसबुकचं 'फ्री बेसिक्स'. गरिबांना इंटरनेट फुकट, पण सगळं नाही, ठरावीक वेबसाईटच. वर्तमानपत्रांत पानभर जाहिराती आल्या. ऐकायला छान वाटतं. पण गरिबाने कोणतं इंटरनेट बघायचं हे कंपनी ठरवणार, हे लोकांना पटलं नाही. ८ फेब्रुवारी २०१६ रोजी ट्रायने वेबसाईटप्रमाणे वेगवेगळे दर लावायला बंदी केली. नियम मोडल्यास रोज ५० हजार रुपये, जास्तीत जास्त ५० लाखांपर्यंत दंड. २०१८ च्या जुलैमध्ये सरकारने अडवणे आणि हळू करणे यांविरुद्धचे नियमही मान्य केले.

कंपन्यांचं म्हणणं काय?

एकच बाजू सांगणं बरं नाही. कंपन्या म्हणतात, केबल आम्ही टाकतो, खर्च आमचा. सिनेमे आणि व्हिडिओ दाखवणाऱ्या मोठ्या कंपन्या त्याच लाइनीवर सगळ्यात जास्त गर्दी करतात आणि नफा कमावतात. मग त्यांनी खर्चाचा वाटा उचलायला नको का? शिवाय डॉक्टरचा कॉल आणि मांजरांचा व्हिडिओ यांना एकच रांग का?

या बोलण्यात तथ्य नाही असं नाही. म्हणूनच बहुतेक देशांच्या नियमांत गर्दीच्या वेळी लाइन नीट चालू ठेवण्यासाठी वाजवी उपाय करायची मुभा आहे. पण 'वाटा' कोण देऊ शकेल? मोठे देतील. छोटी मराठी वेबसाईट, कुठल्या तरी सिनेगॉगचं थेट प्रक्षेपण, नवीन पोराने काढलेलं ॲप, यांच्याकडे पैसे कुठून येणार? ते ऑर्डिनरी कॉलसारखे चिठ्ठ्यांच्या तळाशी जाणार. आणि मोठे जे पैसे देतील, ते शेवटी आपल्याच बिलातून वसूल करणार.

आपल्या इस्रायलमध्ये

इथे आपण थोडे निश्चिंत राहू शकतो. २०११ मध्ये कायदा बदलून मोबाईल इंटरनेटसाठी तटस्थपणाची अट घातली गेली आणि २०१४ मध्ये ती घरच्या लाइनीलाही लावली. वाजवी व्यवस्थेची सूट इथेही आहे, आणि दरांबद्दलचे सगळे बारकावे कायद्यात स्पष्ट नाहीत. पण नुसतं अडवणं इथे चालत नाही.

नियम नसला तर काय होतं हे बघायला फार लांब जायला नको. संयुक्त अरब अमिरातीत अनेक वर्षं व्हॉट्सअपवर मेसेज जातात, फोटो जातात, पण कॉल लागत नाही. परवानगी असलेली दुसरी ॲप वापरावी लागतात. भारतातले ज्यांचे नातेवाईक दुबईला नोकरीला आहेत, त्यांना हे ठाऊक असेल.

आता मावशींना उत्तर. अमेरिकन कोर्टाचा निकाल तिथल्या कंपन्यांपुरता आहे. तुमच्या बाजूला इस्रायलचा कायदा आहे, बहिणीच्या बाजूला भारताचे नियम आहेत. तुमचा ठाण्याचा कॉल चालूच राहील.

तरी चार गोष्टी लक्षात ठेवा.

चित्र अडकलं की लगेच कंपनीवर संशय घेऊ नका. आधी वायफायच्या डब्याजवळ जाऊन बघा, डबा बंद करून परत चालू करा. बहुतेक वेळा दोष घरातच असतो.

बाकी सगळं नीट चालतंय आणि एकच सेवा रोज अडकते, तर तारीख-वेळ लिहून ठेवा आणि कंपनीला विचारा. तरुण मुलांना फोन करायला सांगा, पण कागद तुमचा असू द्या.

"अमुक ॲप फुकट" अशी जाहिरात आली, तर बाकीच्याचे पैसे किती हे आधी विचारा.

आणि ज्यांच्या घरी धार्मिक कारणाने कोशेर फोन किंवा गाळलेलं इंटरनेट आहे, त्यांनी गोंधळू नये. ती चाळणी तुम्ही स्वतः मागून घेतली आहे. कंपनीने तुम्हाला न विचारता लावलेली चाळणी वेगळी.

आता एक्स्चेंज नाही, चिठ्ठ्या नाहीत. बटण दाबलं की ठाण्याची बहीण समोर दिसते, आणि तिच्यापुढे कोणाचा लाइटनिंग कॉल लागत नाही. हे आपोआप झालेलं नाही, लोकांनी भांडून मिळवलेलं आहे. म्हणून नातवंडं या विषयावर बोलायला लागली की "आम्हाला काय कळतंय त्यातलं" असं म्हणू नका. ट्रंक कॉलची रांग आपण पाहिली आहे, त्यांनी नाही.