ग्रीलेची झोळी आणि नाताळचे मांजर
(‘सणांच्या सावल्या’ : लेखांक सहावा)

गेल्या आठवड्यात आपण आल्प्सच्या खोऱ्यांतून डिसेंबरच्या पाचव्या रात्री साखळदंड खळखळवीत हिंडणाऱ्या क्रॅम्पसचा परामर्श घेतला, आणि द्वाड पोरांना पाठीवरच्या टोपलीत कोंबून तो निघून जातो, येथवर येऊन लेखणी खाली ठेवली. परंतु टोपलीत गेलेल्या पोरांचे पुढे काय होते, हे विचारल्यावाचून कोणतेही चौकस मूल राहणार नाही, आणि युरोपातील आज्यांनी त्याचे जे उत्तर पिढ्यान्‌पिढ्या दिले ते एकाच शब्दाचे आहे : खातात. दिव्यांचा, गोडधोडाचा आणि एका बालकाच्या जन्माचा जो सण, त्याच्याच उंबरठ्यावर बालके गिळणारी ही मंडळी का दबा धरून बसली असावीत, हा आजच्या लेखांकाचा विषय होय.

प्रत्यक्ष संत निकोलसाचे चरित्रही या उपद्रवातून सुटलेले नाही. तीन मुले रात्रीच्या आसऱ्यासाठी एका खाटिकाच्या दारी येतात, तो त्यांचे तुकडे करून खारवणाच्या पिंपात मुरत घालतो, आणि सात वर्षांनी त्याच दारी उतरलेले संत नेमके तेच मांस जेवावयास मागून त्याचे बिंग फोडतात व मुलांना जिवंत उठवितात, ही कथा फ्रान्सच्या लोरेन प्रांतातील लेकरे गाण्यातून शिकतात. तिचा उगम अभ्यासकांनी मोठा गमतीदार सुचविला आहे. जुन्या चित्रांत संताची मूर्ती भव्य आणि त्याने सोडविलेले तीन बंदिवान बुरुजातून डोकावणारे, अंगाने इवलेसे, असे रंगवीत. कालांतराने पाहणाऱ्यांस बुरुजाच्या जागी पिंप आणि बंदिवानांच्या जागी बालके दिसू लागली. शेजारच्या आल्सासमधला हान्स ट्राप तर मूळचा हाडामांसाचा सरदार. मठाच्या मालमत्तेवरून त्याने तंटा मांडला, पोपने त्यास बहिष्कृत केले, 1503 मध्ये तो वारला, आणि लोकांनी त्याला धनगराचे पोर खाणारा ठरवून नाताळाच्या रात्रींवर कायमचा नेमून टाकला. दिवाणी दाव्यातून राक्षस निर्माण झाल्याचे दुसरे उदाहरण मजपाशी नाही.

परंतु गिळंकृत करण्याच्या या व्यवहाराचे अस्सल दप्तर पाहावयाचे तर उत्तरेकडे, डिसेंबरात जेथे सूर्य जेमतेम चार तास क्षितिजावर रेंगाळतो, त्या आइसलंडलाच गेले पाहिजे. तेथली ग्रीला ही राक्षसी मोठ्या जुन्या घराण्यातली. तेराव्या शतकात स्नोरी या आइसलंडी ग्रंथकाराच्या ‘एड्डा’ या पुराणकथांच्या ग्रंथाला जोडलेल्या राक्षसिणींच्या नामावळीत तिचे नाव आढळते, मात्र नाताळाशी तिचे सूत जुळले ते सतराव्या शतकाच्या सुमारास. आपल्याकडचा बागुलबुवा बिचारा धमकीपुरता. त्याला बायको नाही, बिऱ्हाड नाही, आणि पोराला नेऊन तो कोणत्या भांड्यात शिजवितो हे कोणा आजीने सांगितल्याचे मला स्मरत नाही. ग्रीलेचा संसार मात्र तपशीलवार आहे. ती डोंगरातल्या गुहेत राहते, नाताळ जवळ आला की झोळी घेऊन खाली उतरते, हट्टी पोरे वेचून नेते आणि मोठ्या हंड्यात त्यांचा रस्सा रटरटवते. तिच्या आधीच्या नवऱ्यांपैकी एकाला तिनेच खाऊन टाकले असे म्हणतात. आताचा लेप्पालूदी आळशीपणामुळे अंथरूण सोडीत नाही, आणि कदाचित त्या आळसामुळेच वाचला असावा, कारण भुकेल्या बायकोच्या नजरेसमोर फार वावरू नये एवढे शहाणपण त्यास असेल.

एका जुन्या लोकपद्यात या बाईच्या सामुग्रीची मोजदाद दिली आहे, आणि ती वाचताना मला हिशेब केल्यावाचून राहवले नाही : शेपट्या पंधरा, प्रत्येक शेपटीवर शंभर पिशव्या, आणि प्रत्येक पिशवीत वीस मुले. गुणाकार बरोबर तीस हजार भरतो. आता डेन्मार्कच्या राजाच्या हुकमावरून 1703 साली या बेटाची जी शिरगणती झाली (माणसागणिक नावनिशी नोंदविणारी इतकी पूर्ण खानेसुमारी त्या काळी इतरत्र दुर्मीळच), तिच्यात अवघी लोकसंख्या भरली 50,358. म्हणजे ग्रीलेच्या पिशव्या पुरत्या भरावयाच्या तर निम्म्याहून अधिक देश त्यांत घालावा लागेल. ही अतिशयोक्ती पोरांना हसविण्यासाठी असेल, नाही असे नाही; पण निम्मा देश पोटात घालणारी भूक ही कल्पना त्या बेटाला अगदीच परकी नव्हती. 1783 मध्ये लाकी येथील ज्वालामुखीच्या भेगा उघडल्या, विषारी धुक्याने कुरणे जळाली, मेंढरांचे कळप बसल्या जागी मेले, आणि पुढल्या दुष्काळात पाच माणसांमागे एक माणूस गेले. ज्या घरात हिवाळ्याच्या मध्यावर शिध्याची कोठी रोज एकदा नजरेने मोजली जाते, तेथे मेजवानीच्या रात्री दारावर थाप मारणारी बाई भुकेनेच व्याकूळ असावी, यात मला नवल वाटत नाही. शेजारच्या फेरो बेटांवर हीच ग्रीला नाताळास न येता ख्रिस्ती लोकांच्या वसंतातील दीर्घ उपवासाच्या दिवसांत येते, आणि उपवास चालू असता मांसासाठी रडणाऱ्या मुलांची पोटे चिरते. येथे सण बदलला, पण नजर पोरांच्या पोटावर राहिली ती राहिलीच.

तिच्या तेरा मुलांकडे पाहिले तरी हेच दिसते. 12 डिसेंबरापासून रोज एक याप्रमाणे ही पोरे डोंगरावरून उतरतात. एक पळी चाटतो, एक भांड्याची खरवड खातो, एक बिछान्याखाली ठेवलेली लाकडी वाडगी पळवितो, एक स्कीर नावाचे दह्यासारखे घट्ट विरजण ओरपतो, एक धुराड्यातून आकडा सोडून मांस वर ओढतो. आणि शेवटचा मेणबत्तीच्या मागे लागतो, कारण त्या काळची मेणबत्ती चरबीची, म्हणजे खाण्याजोगी, असे. खरवडीची देखील चोरी व्हावी, आणि त्या चोराला स्वतंत्र नाव व स्वतंत्र रात्र मिळावी, यावरून त्या स्वयंपाकघरात खरवडीची किंमत काय होती ते कळते.

या मंडळींवर एकदा सरकारी बडगाही उगारला गेला. डॅनिश धर्माधिकारी लुद्विग हार्बो यांनी 1741 ते 1745 या वर्षांत बेटाची पाहणी केली, आणि तिच्या पाठोपाठ 1746 मध्ये घरगुती शिस्तीविषयी जे राजाचे फर्मान निघाले त्यात आईबापांनी असल्या भुताखेतांची व नाताळाच्या बुवांची भीती घालून मुलांना धमकावू नये, अशी ताकीद होती. कोपनहेगनच्या कचेरीतून निघालेल्या कलमाने आइसलंडमधल्या आजीचे तोंड कसे बंद व्हावे! ग्रीला फर्मानाला पुरून उरली. तिची पोरे मात्र हळूहळू माणसाळू लागली.

राहता राहिले ते मांजर, आणि माझ्या मते सबंध कुटुंबात हेच अधिक विचार करण्याजोगे. घराच्या छपरावरून डोके काढणारे हे अवाढव्य काळे मांजर नाताळाच्या रात्री खिडक्यांतून आत डोकावते, आणि ज्याच्या अंगावर सणानिमित्त एकही नवे वस्त्र चढलेले नाही अशा माणसाला गट्ट करते. काहींच्या मते माणसाला सोडून त्याच्या ताटातले सणाचे जेवण तेवढे फस्त करते. त्याला प्राचीन दैवतांच्या पंक्तीस बसविण्याची हौस पुष्कळांना आहे, परंतु यॉन आर्नासोन यांच्या 1862 पासून लाइपझिग येथे छापलेल्या लोककथासंग्रहाच्या मागे त्याचा लेखी माग लागत नाही, आणि मला तरी त्याच्या अंगाला यज्ञकुंडाच्या धुरापेक्षा लोकरीचा वास अधिक येतो.

कारण असे की, लोकर पिंजून, कातून, विणून नाताळापूर्वी हातावेगळी करावी असा शेतघरांचा दंडक असे. लांबलचक संध्याकाळी सारी माणसे एकाच खोलीत, आपापल्या बिछान्यांवर बसून, टकळ्या व सुया चालवीत. एकजण जुन्या वीरकथा मोठ्याने वाचून दाखवी. मुदत जवळ आली की सणाआधीच्या आठवड्यात पेंगणाऱ्या गड्यांच्या पापण्यांना काड्यांचा टेकू देत असत, अशी कथा सांगतात, आणि त्यावरून त्या आठवड्याला काड्यांचा आठवडा असे नावही पडले होते. काम पुरे झाले की मालक प्रत्येकाला एखादे नवे वस्त्र आणि मेंढीच्या कातड्याचे जोडे देई. जो आळसला त्याला काही मिळू नये, आणि ज्याला काही मिळाले नाही तो मांजराच्या तोंडी जावा, असा हा बंदोबस्त. म्हणजे हे मांजर सणाचे कमी आणि मुकादमाचे अधिक.

येथेच मला त्याचा राग येतो. वस्त्र देणे मालकाच्या हाती, न मिळाल्याची सजा मात्र गड्याला. ज्याच्या आईच्या घरी लोकरच नव्हती त्या पोराने कोणता कसूर केला होता? ही अडचण योहान्नेस उर कोत्लुम या कवीच्याही ध्यानी आली असावी. 1932 साली, मंदीच्या ऐन दिवसांत, नाताळाच्या पद्यांचे त्याचे जे छोटेसे पुस्तक त्रिग्वी मॅग्नुसोन यांच्या चित्रांसह निघाले, त्यानेच तेरा भावांची नावे व क्रम कायम केला. आणि त्याच पुस्तकातील मांजरावरच्या कवितेत त्याचे भक्ष्य आळशी गडी नसून गरिबांची मुले आहेत, तर कवितेचा रोख आहे तो ज्यांच्याजवळ द्यावयास काही आहे अशांकडे. ब्यर्क या गायिकेने 1987 मध्ये ही कविता गाइली.

आज रेक्याविकच्या चौकात नाताळाच्या दिवसांत हे मांजर लोखंडी सांगाड्यावर दिवे लावून उभे करतात, आणि आईबाप त्याच्या पायाशी पोरांना उभे करून छायाचित्रे काढतात. तेरा भाऊ आता खिडकीत ठेवलेल्या बुटांत खाऊ टाकतात, आणि द्वाड पोराच्या बुटात बटाटा. मात्र सणाला नवे वस्त्र न मिळणे याला आइसलंडी भाषेत अद्यापि ‘मांजराच्या तोंडी जाणे’ अशा अर्थाचा वाक्प्रचार आहे, आणि म्हणून तेथल्या घरांत, इतर भेटी कितीही मोलाच्या असोत, नाताळाच्या संध्याकाळी कोणीतरी कोणासाठी तरी निदान मोज्यांचा एक जोड कागदात गुंडाळून ठेवतेच.

पुढील लेखांकात ग्रीसमधील कालिकान्त्झारोस.