विश्लेषण : घरात स्मार्टफोन, तरी अभ्यास अधांतरी… डिजिटल दरीचा भार शिक्षकांवर कसा पडतो?

तिसरीपासूनच्या अभ्यासक्रमात २०२६-२७ या शैक्षणिक वर्षापासून कृत्रिम बुद्धिमत्तेचा समावेश करण्याचे केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने जाहीर केले आहे. ग्रामीण भागात जवळपास घरोघरी स्मार्टफोन पोहोचल्याने ही तयारी झाल्यासारखी वाटते. वर्गातले चित्र मात्र वेगळे आहे.

फोन आहे, मग अडचण कुठे?

‘प्रथम’ संस्थेच्या ‘असर २०२४’ अहवालानुसार ग्रामीण भागातील १४ ते १६ वयोगटातील सुमारे ८९ टक्के मुलांच्या घरी स्मार्टफोन आहे. पण घरात फोन असणे आणि तो मुलाच्या हाती असणे या दोन वेगळ्या गोष्टी. ‘असर २०२१’ मध्ये हे स्पष्ट दिसले होते. ज्यांच्या घरी फोन होता, त्यांतील २६ टक्के मुलांना तो वापरायलाच मिळत नव्हता. फोन वडिलांचा असतो. तो सकाळी त्यांच्याबरोबर शेतावर किंवा कामावर जातो आणि रात्री परततो, तेव्हा बॅटरी संपलेली असते. त्यातही घरात दोन-तीन भावंडे असतील तर आधी दहावीच्या मुलाचा नंबर लागतो, चौथीतल्या मुलीचा नाही.

मुलींची स्थिती काय?

‘असर २०२४’च्या सर्वेक्षकांनी मुलांना डिजिटल कामे करून दाखवण्यासाठी फोन आणायला सांगितले. साधारण ७० टक्के मुलगे तो आणू शकले. मुली ६२ टक्के. फोन वापरता येणाऱ्यांमध्ये स्वतःचा फोन असलेले मुलगे ३६ टक्के, तर मुली २७ टक्के होत्या. ‘घरी फोन आहे का?’ एवढाच प्रश्न विचारून भरलेल्या तक्त्यात हा फरक कधीच दिसत नाही.

शाळेत तरी सोय आहे का?

‘यू-डायस प्लस’च्या २०२४-२५ च्या आकडेवारीनुसार देशातील ६४.७ टक्के शाळांत संगणक आणि ६३.५ टक्के शाळांत इंटरनेट आहे. आधीच्या वर्षी हे प्रमाण अनुक्रमे ५७.२ आणि ५३.९ टक्के होते. वाढ चांगली आहे, तरीही साधारण तीनपैकी एका शाळेत संगणक नाही. शिवाय संगणक असला म्हणजे तो रोज चालतो असे नाही. नंदुरबारमधील अक्कलकुवा, धडगावसारख्या डोंगराळ तालुक्यांतील अनेक पाड्यांवर नेटवर्कसाठी टेकडी गाठावी लागते.

शिक्षकांपुढचा पेच कोणता?

करोनाकाळात सुरू झालेले वर्गाचे व्हॉट्सअ‍ॅप गट आजही अनेक शाळांत चालतात. शिक्षक स्वाध्याय गटावर टाकतात. काही मुले तो लगेच सोडवतात, काहींना तो रात्री दिसतो, तर काहींच्या पालकांकडे साधाच फोन असतो. दुसऱ्या दिवशी तोच धडा कुणासाठी पुढे न्यायचा, कुणासाठी नव्याने शिकवायचा? स्वाध्याय न केलेल्या मुलाने टाळाटाळ केली की त्याला फोनच मिळाला नाही, हेही शिक्षकालाच ताडावे लागते. शिक्षा केली तर अन्याय होतो आणि सोडून दिले तर मूल मागे पडते. म्हणून अनेक शिक्षक तेच प्रश्न फळ्यावर पुन्हा लिहून देतात. डिजिटल साधनांनी वाचणार होता तो वेळ असा दुप्पट खर्च होतो.

त्यात ‘सरल’, ‘यू-डायस’, पोषण आहाराची दैनंदिन नोंद ही कामे ऑनलाइनच. देशात एक लाखाहून अधिक, तर महाराष्ट्रात आठ हजारांहून अधिक शाळा एकशिक्षकी आहेत. तिथे माहिती भरणारा आणि चार इयत्ता सांभाळणारा माणूस एकच असतो. नेटवर्कच्या शोधात तो वर्गाबाहेर गेला की चारही इयत्तांचे शिकवणे थांबते.

यापूर्वी काय उपयोगी ठरले?

सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकांत वापरलेले क्यूआर कोड पुढे राज्यभर पोहोचले. पण कोड स्कॅन करायलाही फोन आणि डेटा लागतोच. २०२० मध्ये दूरदर्शनच्या सह्याद्री वाहिनीवरील ‘टिलीमिली’ कार्यक्रमाला मोबाइल किंवा इंटरनेटची गरज नव्हती, टीव्ही पुरेसा होता. शाळेत एकदा डाउनलोड करून प्रोजेक्टरवर सगळ्यांना एकत्र दाखवलेला धडाही याच जातीचा. त्यात कुणाच्या घरी काय आहे, याने फरक पडत नाही.

आता पुढे काय?

नव्या अभ्यासक्रमातील संगणकीय विचारपद्धतीचा बराच भाग कोडी, क्रम लावणे, आकृतिबंध ओळखणे अशा कागदावरच्या खेळांतून शिकवता येतो. तिसरीच्या वर्गाला त्यासाठी टॅब लागत नाही. शिक्षकांची तयारी ‘निष्ठा’ उपक्रमातून, चित्रफितींच्या साह्याने करून घेण्याचे मंत्रालयाचे नियोजन आहे. त्या चित्रफिती पाहण्यासाठी अक्कलकुव्यातल्या शिक्षकालाही आधी नेटवर्कच शोधावे लागणार आहे.