सूर्यास्ताचा फोटो दाखवताना नेमकं काय विचाराल?

'कसा वाटला?' विचारलं की 'मस्त!' एवढंच उत्तर मिळतं. त्याऐवजी 'नजर आधी कुठे जाते?' असं विचारा. असे नेमके प्रश्न विचारल्यावर हर्णै बंदरावर काढलेल्या माझ्या फोटोंवर जाणकारांनी दिलेल्या या सूचना फार कामी आल्या:

📷 क्षितिजरेषा सरळ हवी. कॅमेऱ्यातली ग्रिड सुरू ठेवा.
📷 एक्स्पोजर 1 स्टॉपने कमी करा. आकाशाचे रंग टिकतात, होड्यांच्या काळ्या आकृत्या उठून दिसतात.
📷 व्हाइट बॅलन्स ऑटोऐवजी 'क्लाउडी' ठेवा. केशरी छटा फिकी पडत नाही.
📷 दोन डोलकाठ्या एकमेकींवर येत असतील तर दोन पावलं बाजूला सरका.
📷 सूर्य बुडाला तरी 15-20 मिनिटं थांबा; ढगांना खालून उजेड मिळतो आणि रंग आणखी खुलतात.

नवशिक्यांनो, फोटो टाकाल तेव्हा सोबत एक नेमका प्रश्नही टाका!