खो कुणाला मिळाला नाही?

दिवाळीच्या सुट्टीत घरच्या जुन्या संगणकावर लिनक्स टाकायला बसलो. पुतणीने नाव आणि पासवर्ड भरला, पट्टी सरकत सरकत शंभर टक्क्यांवर गेली, काम पूर्ण झाल्याचा निरोपही आला. रीस्टार्ट केलं, तर काळ्या पडद्यावर एकच पांढरी ओळ: बूट करण्याजोगं काही सापडलं नाही.

"काका, सगळं पुसलं गेलं?"

पेनड्राइव्हवरून यंत्र पुन्हा सुरू करून डिस्कमध्ये डोकावलो. हजारो फाइली जागच्या जागी होत्या. मग यंत्राला त्या दिसेनात कशा?

वीज येते त्या क्षणी प्रोसेसरला डिस्क म्हणजे काय, फाइल म्हणजे काय, काहीच ठाऊक नसतं. आपल्या घरातले बहुतेक संगणक आजही जागे होतात ते १९७८ सालच्या ८०८६ या चिपच्या १६ बिटी चालीने. जन्मजात ठाऊक असलेल्या एका पत्त्यावर प्रोसेसर जातो. तिथे मदरबोर्डच्या चिपमधला छोटासा प्रोग्राम बसलेला असतो. तो मेमरी, कळफलक, पडदा जागे करतो आणि पुढच्याला खो देतो. पुढचा त्याच्या पुढच्याला. खो-खोसारखंच, खो मिळाल्याशिवाय कुणी उठत नाही.

जुन्या बायॉस पद्धतीत हा दुसरा गडी डिस्कच्या अगदी पहिल्या ५१२ बाइटांत राहतो. त्यातले ६४ बाइट चार पार्टिशनांच्या नोंदींना, शेवटचे २ खुणेला. प्रोग्रामसाठी उरतात ४४६. युनिकोडच्या नेहमीच्या साठवणीत देवनागरीचं एक चिन्ह ३ बाइट घेतं, म्हणजे तेवढ्या जागेत मराठीची दोन-तीन वाक्यं कशीबशी बसतील. तेवढ्यात सगळी ऑपरेटिंग सिस्टीम उठवायची सुरुवात करायची! आणि ती शेवटची खूण: ५५, एए. बिटांत लिहून पाहा, ०१०१०१०१ आणि १०१०१०१०. एक दुसरीची बरोबर उलट. ही खूण नसेल तर बायॉस सहसा त्या डिस्कला हातच लावत नाही. मला या दोन बाइटांचं अजूनही नवल वाटतं.

पार्टिशनांच्या याच नोंदींमध्ये जागेचा क्रमांक ३२ बिटांचा असल्यामुळे सुमारे २.२ लाख कोटी बाइटांपलीकडची डिस्क त्यांना मोजताच येत नाही. म्हणून बायॉसच्या जागी यूईएफआय आणि पार्टिशनांच्या नोंदींसाठी जीपीटी, ही नवी जोडी आली. इथे मदरबोर्डला स्वतःलाच फाइली वाचता येतात. तो एका खास छोट्या पार्टिशनमध्ये ठरलेली फाइल शोधतो आणि तिला खो देतो.

आमचं चुकलं ते इथेच. बूट मेन्यूत एकच पेनड्राइव्ह दोनदा दिसत होता, एकदा नुसता आणि एकदा यूईएफआय लिहिलेला. आम्ही नुसता निवडला. त्यामुळे लिनक्स जुन्या पद्धतीने बसलं. मदरबोर्डची सेटिंग मात्र डिस्कवर फक्त नवी पद्धत शोधायची होती. खेळाडू तयार बसलेला, खो दुसऱ्याच चौकात.

खो कुठे अडकला हे पडदाच सांगतो, फक्त ओळ नीट वाचायला हवी. 'बूटेबल डिव्हाइस नाही' म्हणजे पहिलाच खो चुकला. 'ग्रब रेस्क्यू' दिसलं तर दुसरा गडी, म्हणजे लिनक्सला खो देणारा ग्रब हा प्रोग्राम, उठलाय, त्याला आपल्याच फाइली सापडत नाहीत. 'कर्नल पॅनिक' आणि मूळ फाइल सिस्टीम जोडता येत नसल्याची तक्रार आली, तर खो थेट ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्यापर्यंत, म्हणजे कर्नलपर्यंत पोहोचलेला असतो. आणि इन्स्टॉलेशन मध्येच, दर वेळी नव्या जागी अडत असेल, तर आधी डाउनलोड केलेल्या फाइलीचा चेकसम जुळवावा, मग रॅम तपासावी.

आम्ही पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली आणि या वेळी यूईएफआय लिहिलेली ओळ निवडली. लिनक्समध्ये सिस फर्मवेअरच्या खाली ईएफआय नावाचा फोल्डर असतो, पण यंत्र नव्या पद्धतीने जागं झालं असेल तरच. पुतणीने तो शोधून काढला, आणि मगच आम्ही पुढचं बटण दाबलं.

पट्टी सरकत होती तेवढ्यात तिला जीपीटी डिस्कचे पहिले ५१२ बाइट दाखवले. नव्या पद्धतीत तिथला प्रोग्राम चालवलाच जात नाही, तरी तिथे एक खोटं पार्टिशन नोंदवलेलं असतं, जवळपास सगळी डिस्क व्यापणारं. जुन्या प्रोग्रामला डिस्क रिकामी वाटून त्याने ती पुसू नये, एवढ्यासाठी. त्या ५१२ बाइटांच्या शेवटी बोट ठेवत ती म्हणाली, "५५, एए."