पूर्वप्रवर्धकाचा गेन आणि विरूपण : ओव्हरसॅम्पलिंग परिवर्तकाच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना :
ध्वनिमापनात मायक्रोफोनचा क्षीण संकेत पूर्वप्रवर्धकाने, म्हणजेच प्रीॲम्प्लिफायरने, वाढवून ॲनालॉग-डिजिटल परिवर्तकास दिला जातो. गेन जितका अधिक तितके मापन सूक्ष्म, असा समज प्रयोगशाळांतून आढळतो. त्याची मर्यादा प्रस्तुत लेखात स्पष्ट केली आहे.

परिवर्तकाचे कार्य :
टोकियो विद्यापीठातील इनोसे, यासुदा व मुराकामी यांनी १९६२ मध्ये मांडलेल्या डेल्टा-सिग्मा तत्त्वावर आजचे बहुतेक ध्वनी-परिवर्तक आधारलेले आहेत. ४४.१ किलोहर्ट्झच्या ६४ पट वेगाने, म्हणजे सेकंदाला सुमारे २८ लाख नमुने घेतले जातात. त्यामुळे परिवर्तकाचा बराचसा नॉइज श्राव्य पट्ट्याबाहेर जातो व डिजिटल फिल्टर तो वगळतो. पूर्वप्रवर्धकातील विरूपणास मात्र हा उपाय लागू पडत नाही. १ किलोहर्ट्झच्या स्वरातून उद्भवलेले २ व ३ किलोहर्ट्झचे घटक श्राव्य पट्ट्यातच राहतात.

गेनची निवड :
समजा, परिवर्तकाची कमाल मर्यादा २ व्होल्ट, त्याचा नॉइज ४ मायक्रोव्होल्ट आणि पूर्वप्रवर्धकाचा आदान-नॉइज ०.४ मायक्रोव्होल्ट आहे. दोन्ही नॉइज परस्परांशी असंबद्ध असल्याने त्यांच्या वर्गांची बेरीज करून वर्गमूळ घ्यावे लागते. गेन १० असता आदानाशी एकूण नॉइज ०.५७, गेन ३० असता ०.४२ आणि गेन १०० असता ०.४० मायक्रोव्होल्ट येतो. याउलट मोजता येणारा कमाल संकेत अनुक्रमे २००, ६७ व २० मिलिव्होल्ट इतका घटतो. म्हणजेच ३० वरून १०० वर जाताना नॉइज अर्ध्या डेसिबेलहूनही कमी घटतो, पण सुमारे १० डेसिबेलचा वाव गमवावा लागतो.

विरूपणाची वाढ :
ऋण प्रतिभरणामुळे विरूपण दबते. १० मेगाहर्ट्झ गेन-बँडविड्थ असलेल्या ऑप-ॲम्पचा २० किलोहर्ट्झला मुक्त गेन सुमारे ५०० असतो. गेन १० ठेवल्यास प्रतिभरणासाठी ५० पट गेन शिल्लक राहतो. गेन १०० केल्यास केवळ ५ पट. शिवाय अनेक परिवर्तकांचे आदान-संधारित्र प्रत्येक नमुन्याच्या वेळी प्रभार खेचते. त्यातून सावरण्यास ऑप-ॲम्प अपुरा पडल्यास विरूपण आणखी वाढते. यास्तव परिवर्तकाच्या आदानाशी लहान रोध व सी-झीरो-जी प्रकारचे संधारित्र जोडतात.

निष्कर्ष :
पूर्वप्रवर्धकाचा वाढवलेला नॉइज परिवर्तकाच्या नॉइजच्या दोन-तीन पट झाला की गेन वाढवणे थांबवावे. त्यापुढील गेन नवी माहिती देत नाही, केवळ विरूपण वाढवतो. विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांत असे विरूपण हा मूळ संकेताचाच गुणधर्म समजला जाण्याचा धोका असतो. म्हणून गेन निश्चित करण्यापूर्वी वरील आकडेमोड करून घेणे इष्ट ठरते.